स्वतःच्या जबाबदारीवर

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी पहाटे पाच वाजता आम्ही सात जण विश्रांतवाडीच्या मुकुंदराव आंबेडकर चौकात जमलो, तेव्हा आकाशात एकही ढग नव्हता. हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर आमच्यातल्या प्रत्येकाने हे वाक्य किमान तीनदा म्हटलं. ‘सकाळी तर एकही ढग नव्हता यार.’ खरंच नव्हता. पण वळवाच्या पावसाला सकाळचे ढग लागतच नाहीत. त्याला लागते स्वच्छ, कोरडी, कडक उन्हाची सकाळ. जमीन तापते, तापलेली हवा वर चढते, समुद्राकडून आलेला दमट वारा घाटमाथ्याला धडकून तिच्यासोबत वर जातो, आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा एक ढग डोक्यावर उभा असतो. म्हणजे ज्या निरभ्र सकाळीवर आम्ही विश्वास ठेवला, तीच पावसाची तयारी करत होती.

आणि हे मला माहीत होतं. माझ्या फोनमध्ये ‘दामिनी’ अ‍ॅप आहे. पाषाणच्या आयआयटीएमने, म्हणजे उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने बनवलेलं. आसपास वीज पडण्याची शक्यता असली की ते सांगतं. आदल्या रात्री हवामान खात्याचा यलो अलर्टही ग्रुपवर कुणीतरी टाकला होता. त्यावर अ‍ॅडमिनचं उत्तर होतं, ‘यलो म्हणजे काही नाही, रेड असेल तर बघू.’ त्याला पाच अंगठे आले. त्यातला एक माझा.

जायचं होतं भीमाशंकरच्या जंगलात. मंदिराकडे नाही, त्याच्या उत्तरेला. मंचरला चहा, मग घोडेगाव, डिंभे धरण, आणि पुढे एका वाडीत गाड्या लावून कोकणकड्यापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. वाडीचं नाव देत नाही. पुढे जे घडलं त्यातल्या माणसाला शोधत कुणी जावं, असं मला वाटत नाही.

जंगलात शिरलो आणि पुण्याची काहिली दहा मिनिटांत विसरलो. सह्याद्रीतला वसंत ज्यांनी फक्त पळस-पांगाऱ्याच्या रीलमध्ये पाहिलाय त्यांना सांगायला हवं, की इथलं जंगल एप्रिलमध्ये उजाड नसतं. आंजणीच्या फांद्यांना बुंध्यापासूनच निळ्या-जांभळ्या फुलांचे झुपके चिकटलेले असतात. करवंदं अजून हिरवी, चिकाने ओठ चिकटवणारी. वर कुठेतरी शेकरू एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर झेप घेतं आणि आपल्याला दिसते फक्त हलणारी फांदी. हे अभयारण्य 1985 साली झालं ते मुख्यतः या शेकरूसाठी. आमच्यातल्या एकाला ते पूर्ण दिसलं, तांबूस, मांजराएवढं, लांबच लांब शेपटीचं. पुढचा अर्धा तास त्याने दुसऱ्या कशावर बोलू दिलं नाही.

वाटेत एका उघड्या कातळावर हिरडा वाळत घातलेला दिसला. इथले महादेव कोळी लोक बी धरायच्या आधीचा कोवळा हिरडा, म्हणजे बाळहिरडा, झाडावर चढून काढतात आणि उन्हात वाळवतात. तो औषधाला जातो. शेती पावसाळ्याची, त्यामुळे उन्हाळ्यात हातात येणारा पैसा बराचसा या हिरड्याचा असतो. मी त्याचा फोटो काढला. चांगला आला होता. काळा कातळ, त्यावर हिरवट-काळे दाणे, मागे निळं आकाश.

साडेबाराच्या सुमारास आम्ही कड्यावर होतो. पश्चिमेला, कोकणाच्या बाजूला, एक पांढरा ढग उभा राहायला लागला होता. सुंदर होता, खरं सांगायचं तर. सगळ्यांनी त्याच्यासोबत फोटो काढले. आमच्यातल्या एकाची मावसबहीण पहिल्यांदाच ट्रेकला आली होती. लातूरची, पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. तिचे बूट नवे होते आणि टाचेला लागत होते, ते ती सांगत नव्हती पण चालण्यावरून कळत होतं. ती माझ्या शेजारी उभी होती. ढगाकडे बघून हळूच म्हणाली, “आता परत जाऊया का?”

मला विचारलं नव्हतं. कुणालाच थेट विचारलं नव्हतं. पण ऐकलं फक्त मी. आणि मलाही नेमकं तेच वाटत होतं. मी काय केलं? बाटली काढून पाणी प्यायलो.

कारण अ‍ॅडमिन पुढच्या सुळक्याकडे बोट दाखवून म्हणत होता, “तिथून व्ह्यू बेस्ट आहे, अर्ध्या तासाचं काम.” सगळे निघाले. मी निघालो. ती निघाली.

पुढचं थोडक्यात सांगतो. पावणेदोनला ऊन गेलं. वारा आधी थांबला आणि मग उलट्या बाजूने सुटला. आम्ही मागे वळलो तेव्हा जंगल आणि आमच्यामध्ये एक उघडं पठार होतं. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजायचे, तीन सेकंदांना एक किलोमीटर, हे मी इतरांना मोठ्या ऐटीत शिकवलं होतं. पहिल्यांदा बारा मोजले. मग सात. मग मोजायच्या आतच आवाज आला आणि गारा सुरू झाल्या. ज्याला जिथे पळता आलं तो तिथे पळाला. पाच जण वाडीत पोचलो, भिजून, हसत, ओरडत. कुणाच्यातरी पडवीत उभे राहिलो. मग मोजलं. दोघं नव्हती. ती, आणि तिच्यासाठी मागे राहिलेला तिचा मावसभाऊ. फोन लागत नव्हते.

त्याच वेळी घराच्या मागून एक काका हातात निळी ताडपत्री घेऊन लगबगीने निघाले होते. अ‍ॅडमिनने त्यांना अडवून सांगितलं, आमचे दोघं वर अडकलेत. काका क्षणभर थांबले. वर बघितलं, कातळाच्या दिशेने बघितलं. मग म्हणाले, “मोबाईलवर बघून आला असाल ना? मग त्यात ढग नाय दिसला?” आणि गेले. वर. आमच्यापैकी एकाने सोबत यायची तयारी दाखवली तर त्यांनी हाताने बसवलं. “अजून एक हरवायला नको.”

तासाभराने ते तिघं आले. ताडपत्री त्या दोघांच्या अंगावर होती. ते देवराईच्या कडेला एका दगडाशी उकिडवे बसलेले सापडले. मुलीच्या ओठांवर रंग नव्हता. काकांच्या घरी चुलीपुढे बसवलं, चहा झाला, सगळे पुन्हा हसायला लागले. जाता जाता पैसे द्यायला गेलो तर ते नको म्हणाले. काकूंनी मात्र कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हटलं, “हिरडा सगळा भिजला.”

तेव्हा कळलं, ती ताडपत्री कशासाठी निघाली होती.

भिजलेला बाळहिरडा लगेच नीट वाळला नाही तर बुरशी धरतो. मग व्यापारी भाव पाडतो, नाहीतर घेतच नाही. किती माल होता, विचारलं. “दोन पोती धरा,” काका म्हणाले, आणि विषय बदलला.

आता मुद्द्यावर येतो. परतीच्या गाडीत अ‍ॅडमिन म्हणाला, “हे बघा, ट्रेकला येणारा प्रत्येक जण स्वतःच्या जबाबदारीवर येतो.” हे वाक्य आपण इतक्या ठिकाणी वाचलंय की ते खरंच असावं असं वाटतं. ट्रेकच्या प्रत्येक फॉर्मच्या तळाशी असतं. धबधब्याजवळच्या पाटीवर असतं. आणि त्यामागे एक भारी विचार आहे, तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

जॉन स्टुअर्ट मिलने तो 1859 मध्ये ‘ऑन लिबर्टी’त मांडला. विश्रांतवाडीहून पुण्यात जाताना जे डेक्कन कॉलेज लागतं, तिथे शिकलेल्या आगरकरांवर याच मिलचा मोठा प्रभाव होता. मिल म्हणतो, माझ्या वागण्याने दुसऱ्याचं नुकसान होत नसेल तर मला अडवायचा अधिकार कुणालाही नाही, माझ्या भल्यासाठीसुद्धा नाही. आणि तो एका पुलाचं उदाहरण देतो. पूल पडायला आलाय हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, समोरचा माणूस त्यावर पाऊल ठेवतोय आणि सांगायला वेळ नाही. तर त्याला धरून मागे ओढा, त्यात त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाही, कारण त्याला नदीत पडायचंच नाहीये. पण पूल पडेलच याची खात्री नसेल, नुसता धोका असेल, तर त्याला फक्त सावध करा. धोका पत्करायचा की नाही, हे तो ठरवेल.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे एकदम पटलं होतं. कुणी माझी आई होऊ नये, एवढीच तर आपल्या वयाची मागणी असते.

पण 15 जून 2025 ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जण गेले, तेव्हापासून मिलचा पूल मला पुरेसा वाटत नाही. तिथेही धोक्याची पाटी होती. तो रविवार होता, पाऊस होता, नदी भरलेली होती आणि पुलावर गर्दी होती, काही जण दुचाकी घेऊन चढले होते. तो पूल तसा का ठेवला होता हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे, त्याचं उत्तर पर्यटकांच्या डोक्यावर मारून चालणार नाही. मला फक्त मिलच्या उदाहरणातली एक गोष्ट खटकते. त्याच्या पुलावर एकच माणूस आहे. आपल्या पुलांवर एकटा माणूस कधी असतो का? कुंडमळ्याच्या पुलावर उभ्या असलेल्या प्रत्येकाचं वजन शेजारच्याच्या पायाखालून जात होतं. ‘मी माझ्या जबाबदारीवर उभा आहे’ असं तिथला कुणीही म्हणू शकला असता, आणि तरी त्याचं वजन त्याच्या एकट्याचं नव्हतं.

दुसरा एक पूल आहे, अमेरिकेतला. न्यूयॉर्क राज्यात दोन चुलत भाऊ रेल्वेने चालले होते. डब्याचं दार उघडं, गाडी पुलाजवळच्या वळणावर हेलकावली आणि एक भाऊ बाहेर फेकला गेला. गाडी पुढे जाऊन थांबली. दुसरा भाऊ अंधारात पुलावरून चालत त्याला शोधायला मागे गेला, आणि तोही खाली पडून जखमी झाला. रेल्वे कंपनी म्हणाली, पहिल्याचं ठीक आहे, पण दुसरा स्वतःच्या मर्जीने गेला, त्याचं आम्ही काय देणं लागतो? 1921 मध्ये न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी हा बचाव मान्य केला नाही. माणूस संकटात सापडला की दुसरा माणूस धावणार, हे जगाच्या रीतीत बसणारंच आहे, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. ज्याने पहिल्याला संकटात टाकलं, त्याने धावून येणाऱ्यालाही हिशेबात धरायला हवं होतं.

कार्डोझो यांच्यासमोर कंपनी होती. आमच्यात कंपनी कोण? अ‍ॅडमिन? त्याच्यावर ढकलणं सोपं आहे आणि गाडीतल्या तिघांच्या मनात तेच चाललं होतं, हे त्यांच्या गप्प बसण्यावरून कळत होतं. पण अ‍ॅडमिनला खरंच वाटत होतं की काही होणार नाही. मला वाटत होतं की काहीतरी होईल, आणि मी पाणी प्यायलो. दोघांत जास्त दोष कुणाचा, हे मी बरेच दिवस मनात घोळवलं आणि उत्तर दरवेळी माझ्या विरोधात गेलं.

हेही खरं की या विचाराला शेवटपर्यंत ओढलं तर घराबाहेर पडायलाच नको. मी आळंदी रोडवर गाडी काढली तरी कुणाच्यातरी जीवावर माझा थोडा भार आहेच. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांची पोरं स्वतःची कामं टाकून दरीत उतरतात, अनोळखी लोकांना वर आणतात, आणि तरी पुढच्या आठवड्यात स्वतः डोंगरात जातात. डोंगरात जाऊ नका, असं ती सांगत नाहीत. म्हणजे भार टाकणं हा गुन्हा नाही. प्रश्न असा आहे की ज्याच्यावर तो टाकला त्याला विचारलं होतं का?

आमच्या त्या दिवसात दोन माणसं अशी होती ज्यांना कुणी विचारलं नव्हतं. एक वाडीत होता. त्याने यलो अलर्ट वाचला नव्हता, पण त्याचा अख्खा उन्हाळा त्या आकाशाखाली कातळावर पसरलेला होता. बदलतं हवामान आमच्यासाठी त्या दिवसाची मजा होती. ‘क्रेझी वेदर’ अशी स्टोरीही एकाने टाकली. दुसरी आमच्याच रांगेच्या शेवटी चालत होती. तिने तर तोंड उघडलं होतं. फॉर्मवर तिची सही असती तरी काय झालं असतं? बाकी सहा जण पुढे निघाल्यावर अनोळखी जंगलात एकटीने मागे फिरणं, हा काही पर्याय नसतो. तिच्या येण्याला संमती म्हणायचं तर शब्दाचा अर्थच बदलावा लागेल.

गिर्यारोहकांकडे यावर एक साधा उपाय आहे, मागे फिरायची वेळ निघतानाच ठरवायची. एक म्हणजे एक, शिखर हाताशी असलं तरी. सकाळचा ताजा माणूस दुपारच्या मोहात पडलेल्या माणसाला आधीच बांधून ठेवतो. चांगलं आहे. पण आम्ही वेळ ठरवली असती तरी ती पाळायला कुणीतरी ‘वाजला की रे एक’ म्हणावं लागलं असतं, आणि तेच तर आम्हाला जमत नव्हतं.

याबाबतीत मला आजीची आठवण येते. ती वारीला जायची. माउलींची पालखी आळंदीहून निघून विश्रांतवाडीवरूनच पुण्यात शिरते, त्यामुळे आमच्याकडे वारी दारात येते. लहानपणी मला वाटायचं, एवढी हजारो माणसं चालतात म्हणजे कुणीतरी हुकूम सोडत असणार. आजीने सांगितलं ते वेगळंच होतं. मुक्कामाला पोचल्यावर समाजआरती असते. सगळ्या दिंड्या जमतात, टाळ वाजत असतात. चोपदार हातातला चोप वर करतो आणि सगळं एका क्षणात शांत होतं. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथे जातो, काय झालं ते ऐकून घेतो, आणि त्यानंतरच आरती.

किती हुशारीची गोष्ट आहे ही! तक्रार करणाऱ्याला धीट असावं लागत नाही, बरोबर शब्द सापडावे लागत नाहीत. आवाज करत राहायचं, एवढंच. आणि शांतता त्याच्याभोवती इतरांनी करून द्यायची. आमच्याकडे उलट होतं. सात जणांचा आवाज, आणि तिच्या एका वाक्याला त्यात जागा करून देईल असा एकच माणूस शेजारी उभा, हातात पाण्याची बाटली घेऊन.

मी तेव्हा नुसतं मोठ्याने “ही काय म्हणतेय ऐका” म्हटलं असतं तरी कदाचित सगळे पुढेच गेले असते. शक्य आहे. अ‍ॅडमिनने समजूत घातली असती, तिने मान हलवली असती. पण मग निदान सगळ्यांनी ऐकून घेतलेलं असतं, आणि दुपारी पठारावर पळताना कुणीतरी मागे वळून पाहिलं असतं.

राहिले पैसे. त्या रात्रीच ग्रुपवर ठरलं की काकांच्या हिरड्याचे पैसे द्यायचे. प्रत्येकी पाचशे, साडेतीन हजार झाले. माझ्या खात्यावर जमा केले. काकांकडे यूपीआय नाही, वाडीत रेंजही धड नाही. ‘पुढच्या ट्रेकला देऊ’ असं ठरलं. मे गेला. जूनमध्ये पाऊस लागला. मग कुणाचं लग्न, कुणाची नोकरी बदलली. मधे एकदा मला असंही वाटून गेलं, की पैसे नेऊन दिले तर त्यांना अपमान वाटेल का, त्यांनी तर नको म्हटलं होतं. हा विचार नाजूक आणि संवेदनशील आहे, आणि त्यामुळे साडेतीन हजार रुपये माझ्याच खात्यात राहतात, हेही माझ्या लक्षात आलं. काकूंनी नको म्हटलं नव्हतं.

मागच्या मंगळवारी मावसबहिणीचा ग्रुपवर मेसेज आला. ट्रेकनंतर तिने ग्रुपवर लिहिलेली ही पहिलीच गोष्ट. ‘ते पैसे दिले का?’

सातही जणांनी वाचला. खाली निळ्या टिका दिसत होत्या. रात्रीपर्यंत कुणाचं उत्तर नाही. माझंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिहिलं, ‘नाही दिले. माझ्याकडेच आहेत. या रविवारी जातोय, सकाळी साडेपाचला चौकातून. अकराच्या आत वाडीतून परत फिरायचं. कोण येतंय?’

आतापर्यंत दोन अंगठे आलेत. तिने लिहिलंय, ‘मी. बूट बदललेत.’